मागून पडणारा टाळ

सुरतेत सीटी स्कॅनच्या खोलीबाहेर बाकावर माझ्याशेजारी गोडादरा वस्तीतले उखाभाऊ, त्यांची बायको मालतीबाई आणि तिचा धाकटा दीर गजेंद्र बसले होते. तीन आठवड्यांपूर्वी कारखान्यात कापडाच्या मागाचा धोटा उडून उखाभाऊंच्या कपाळावर बसला होता.

“वहिनी, तेव्हाचा डोक्याचा फोटो साफ होता. पुन्हा कशाला?”

“फोटो साफ होता, भाऊ. माणूस साफ नाही.”

“मला काही झालं नाही. जरा डोकं दुखतं.”

“तुम्ही गप्प बसा हो! रक्त तपासून कळत नाही का, विचारलं मी. डॉक्टर म्हणाले, डोक्याच्या माराची तशी तपासणी इथे होत नाही.”

“मग तुम्हाला कसं कळलं?”

“एकादशीच्या कीर्तनात. वीस वर्षं हे बुवांच्या मागे टाळ धरतात. परवा प्रत्येक टाळ उशिरा पडला.”

“दादा थकला असेल.”

“दोन पाळ्या करून आलेले शंभरदा पाहिलेत. चुकले कधी?”

“डॉक्टर हसतील, वहिनी.”

“हसू दे. हसून झालं की फोटो काढू दे. त्याशिवाय मी घरी जात नाही. अहो, धरा हे.”

“टाळ आणलेत? दवाखान्यात?”

“जुना फोटो आणला, चिठ्ठी आणली, टाळही आणले. तुम्ही नाम म्हणा, भाऊ. हळू.”

“विठ्ठल... विठ्ठल... विठ्ठल...”

गजेंद्र थांबला. त्यानंतर टाळ वाजला.

“उखाभाई, अंदर आवो!” स्कॅनच्या खोलीतून हाक आली.

“वहिनी, टाळ राहू द्या दादाच्या हातात. डॉक्टरांपुढे नाम मी म्हणतो.”