शेडमधला फुगा

आमच्या मामाशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, हे आधीच सांगते. अंबरनाथला मैत्रिणीच्या स्टुडिओत मी त्याच्या भीमगीतांची सीडी करत होते. पहिल्याच ओळीला गडी थांबला.

"इथं आवाज मेल्यासारखा वाटतो. आमच्या शेडमध्ये बघ कसा घुमतो! मी तिथंच गाणार."

त्याच्या कारखान्याच्या शेडमध्ये दिवसभर मशिनी धडधडतात. तिथं कसलं डोंबलाचं रेकॉर्डिंग!

मग जेवणाच्या सुट्टीत मशिनी बंद झाल्यावर मी शेडमध्ये माईक लावला आणि एक फुगा फोडला. तो आवाज जसा घुमला, तशीच मामाची स्टुडिओत रेकॉर्ड झालेली ती एक ओळ कॉम्प्युटरवर घुमवली आणि त्याला ऐकवली.

डोळे मिटून ऐकत तो म्हणाला, "शेड आमचीच. पण शटर उघडं ठेवलं होतंस ना?"

ठेवलं होतं!

"मामा, तेवढं कुणाला कळतंय?"

"मला. बावीस वर्षं तिथंच गातोय."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये तो स्वतः माईकपाशी आला. शटर खाली ओढलं, फुगा हातात घेतला आणि डबा खाणाऱ्या सगळ्या कामगारांसमोर मला म्हणाला, "आता तू जरा तोंड बंद ठेव. तुझाही आवाज घुमतो."