अण्णांच्या सायकलची लाईट

सायकलच्या लाईटीचं मला काय विचारता! आमचे अण्णा रोज दिवस मावळल्यावर मुदखेडला दूध घालून सायकलवर अंधारात गावी येतात. म्हणून मी त्यांना नांदेडला दुकानात नेलं. बॅटरी आतच, वायरीची कटकट नाही, असल्या चार लाईटी दुकानदारानं मांडल्या. मी उजेड बघून राहिलो होतो अन् अण्णांचा एकच सवाल, "निघते का?"

"एका बोटानं निघते, काका."

"मग हीच द्या."

मला वाटलं, चोरीची भीती असंल. आठ दिवसांनी गावी गेलो, तर अण्णा अंधारातच सायकल दामटत आले.

"अण्णा, लाईट कुठं हाय?"

"तुझ्या मायपाशी. ऐन भाकरीच्या वक्ताला लाईन जाते. मला रस्ता पाठ हाय रे, तिला तवा दिसाय पाहिजे."

दुसऱ्याच दिवशी तसलीच अजून एक आणून सायकलला बसवली. म्हणलं, "ही तरी इथंच राहू द्या."

अण्णांनी एका बोटानं ती काढली अन् खुशीत म्हणाले, "लई बरं केलंस. गोठ्यात बी अंधारच व्हता."