देवरामची मागं चालणारी गाडी

चहा घ्या, सांगतो. आंधळगावात आमच्या शेजारी देवराम फिटर राहे. त्याच्या बापाचे पाय गेले होते. दोन वर्षं म्हाताऱ्यानं आपलं धान पाहिलं नव्हतं. बैलबंडीचे हिसके त्याले सोसत नव्हते. म्हणून देवराम मोटारसायकलच्या इंजिनाची चारचाकी करून राहिला होता.

"काका, मागच्या चाकाइले साधी चेन लावू, का जुन्या जीपच्या आसातला डिफरन्सचा गोळा?"

मी बंडीवाला, मले काय समजते? म्हटलं, "वळताना बंडीचे दोन्ही चाकं आपापले फिरतेत बापा. तसं कशात होते?"

त्यानं गोळा विटांवर ठेवला अन् एक चाक पुढं फिरवलं. दुसरं आपोआप मागं फिरलं! मी हातच जोडले. "हेच लाव."

लोकं चिडवत, "मोटारसायकलच्या इंजिनाले रिव्हर्स नसते रे, चिखलात फसला त?"

पयल्या दिवशी सारं गाव जमलं. देवरामनं बापाले उचलून गाडीत बसवलं अन् गिअर टाकला, गाडी मागं गेली. दुसरा टाकला, आणखी जोरात मागं. गोळा उलटा बसला होता.

"रिव्हर्स मागत होते ना? घ्या, चारी गिअर रिव्हर्स भेटले!" कोणीतरी ओरडलं.

देवराम रडकुंडीले आला. "उतर बाबा, खोलतो. आठ दिवस लागन."

म्हातारा म्हणाला, "तवरिक धान कापून होईन. मागं त मागं, चाल."

मान वळवून देवरामनं गाडी तशीच धानाच्या बांधीपर्यंत नेली. म्हाताऱ्याची पाठ धानाकडं आली, म्हणून आमी चौघांनी गाडी उचलून फिरवली. तो पाहतच राहिला.

मग म्हणाला, "घरी जाताना फिरवू नका रे. जाता जाता धान दिसत राहीन."