कानामागची हळद

टाळ जरा मांडीवर ठेवा मंडळी. मृदंगावरचा हातही थोडा विसावू द्या. पुढचा अभंग धरण्याआधी मला तुम्हाला एक प्रश्न विचारायचा आहे, आणि रागानेच विचारायचा आहे. कीर्तनकाराने रागावू नये म्हणतात. पण या गादीवर उभं राहून खोटं हसू मी कुठून आणू?

प्रश्न असा. एखादं माणूस सांगतं, "हे मला मानवत नाही." साधं वाक्य आहे. मग आपण काय करतो? आपण त्याला ते मानवून घ्यायला लावतो! हा अधिकार आपल्याला दिला कुणी? देवाने? कोणत्या देवाने? मला नाव सांगा, मी उद्या सकाळी त्याच्याशी भांडायला जातो!

नाही ना सांगता येत? मग ऐका.

तासगावच्या अलीकडे एक गाव आहे. तिथे भगवानराव साळुंखे नावाचे हळद पिकवणारे गृहस्थ. बायको सिंधूताई — गळ्यात माळ, तोंडात नाम. आणि एकच लेक, रोहिणी. पोरगी हुशार, औषधांचं शिक्षण घेतलेली, तासगावात मेडिकल दुकानात कामाला. पण लहानपणापासून तिच्या कातडीचा एक स्वभाव होता. साबण बदलला, की तोंड लाल. वासाची पावडर लावली, की पुरळ. चैत्राचं ऊन लागलं, की गाल असे जळायचे की पोरगी ओला पंचा धरून बसायची.

आता अशा वेळी शेजारीपाजारी काय करतात? सल्ला देतात! एकीने सांगितलं बेसन लाव. दुसरी म्हणाली लिंबू चोळ. कुणी टोमॅटो, कुणी साय, आणि एका शहाणीने तर दात घासायची पेस्ट लावायला सांगितली. हसू नका बायांनो, तुमच्यातच असेल ती! दुसऱ्याचं तोंड म्हणजे आपल्याकडे गावची चावडी. येणाऱ्या-जाणाऱ्याने तिथे बसावं आणि मत द्यावं. आणि रोहिणी सगळं लावायची बरं का. आई सांगते म्हणून लावायची, रडायची आणि धुऊन टाकायची.

मग एक दिवस काय झालं? तिची मैत्रीण केतकी नवऱ्याबरोबर जपानात राहायला गेली होती. ती सुट्टीत आली आणि येताना एक बाटली घेऊन आली. आत पाण्यासारखं पातळ काहीतरी. रंग नाही, वास नाही. खोक्यावरची अक्षरं जपानी. रोहिणीने फोन त्या अक्षरांवर धरला, आणि फोन वाचून सांगू लागला. चोळू नका. तळहातावर घ्या आणि हलकेच दाबा. आधी दंडाच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून पाहा. लाल झालं, तर थांबा.

मंडळी, पोरगी ते वाचून रडली. तुम्ही म्हणाल, खोकं वाचून कुणी रडतं का? अहो, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिला कुणीतरी विचारलं होतं, की बाई गं, तुला हे मानवतंय का? आणि विचारणारा कोण? सातासमुद्रापलीकडचा कारखानदार, ज्याने तिचं तोंडही पाहिलं नव्हतं! आणि ज्यांनी रोज ते तोंड पाहिलं, त्यांनी लिंबू चोळलं!

तिथून तिने एक वही केली. दोनशे पानी, शाळेत असते तशी. नियम एकच. नवीन गोष्ट आली, की आधी कानामागे चिमूटभर लावायची. तीन दिवस थांबायचं. तीन दिवसांत लाल झालं नाही, तरच तोंडाला. आणि एका वेळी एकच गोष्ट, म्हणजे दोष कुणाचा ते कळतं. केवढं शहाणपण आहे बघा. आपण तर एकाच दिवशी चार उपास धरतो, आणि पित्त झालं की देवाला विचारतो!

तर त्या वहीत काय काय होतं? जपानचं ते पाणी, मानवतं. कोरियाचं एक मलम होतं, आणि त्यात कोणता पाला होता, सांगू? कारिवणा! आपल्या विहिरीच्या कडेला ओलीत पसरतो तो. इतकी वर्षं तो आपल्या पायाखाली होता, आणि तिकडून बाटलीत बसून आला तेव्हा आपण त्याला ओळखलं. तेही मानवलं. मग कोरियाचंच आणखी एक आलं, गोगलगाईच्या चिकट रसाचं. ते कळताच सिंधूताईंनी माळेला हात लावला आणि ती बाटली उचलून थेट अंगणाच्या भिंतीवर नेऊन ठेवली. पोरीने तिथे जाऊन कानामागे लावलं! पण ते नाही मानवलं. गोगलगाय सुटली, आईही सुटली. थायलंडची थंडगार पावडर आली, तिने आग आग झाली. जपानचंच एक वासाचं आलं, दुसऱ्या दिवशी कानामागे लाल चट्टा. म्हणजे जपानचं आहे म्हणून सगळंच तीर्थ, असं तिने मानलं नाही. देश बघून नाही, कातडीला विचारून घ्यायचं. आणि त्याच वहीत पुढे एक नोंद होती. घरची हळद, नुसती, पाण्यात कालवून — मानवते.

दोन वर्षांत पोरीचा चेहरा निवला. रंग तोच, सावळा. पण शांत.

मग लग्न ठरलं. पलूसकडचे थोरात, मुलगा विश्वजित, ठिबकच्या नळ्यांचं दुकान. बघायला आला तेव्हा रोहिणीने आडपडदा ठेवला नाही. कातडीचं सगळं सांगितलं, वहीचंही सांगितलं. तो म्हणाला, वही बरोबर घेऊन या. पोरीला मुलगा आवडला.

विश्वजितची आई तो लहान असतानाच गेलेली. त्याला वाढवलं शालन आत्याने. अंगावरचं दूध नव्हतं, एवढाच फरक, बाकी आईच. आता मंडळी, ही शालन आत्या वाईट बाई नव्हती, आणि माझं दुखणं नेमकं तेच आहे! वाईट माणसाशी चार हात करता येतात. पण माया करणाऱ्या माणसाने आपलं ऐकलंच नाही, तर दाद मागायची कुठे? आत्याला पोरगी पसंत होती, फक्त तोंडावर तेज नाही असं तिचं म्हणणं. तेज म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे. गोरेपण! अरे, ज्या देवापुढे उभं राहून आपण हे बोलतो, तो काळा आहे! त्याला कधी कुणी म्हटलं का, देवा, जरा उजळून ये, मग पाया पडतो?

हळदीचा दिवस आला. आपल्याकडे रीत काय? आधी नवऱ्याला हळद लागते. त्याची उरलेली, ती उष्टी हळद. ती वाटीत घालून सवाष्णी नवरीकडे घेऊन येतात आणि तीच नवरीला लावतात. गोड रीत आहे, माझं काही म्हणणं नाही. रोहिणीचंही नव्हतं. तिने तर आधीच सगळा बंदोबस्त केला होता. वडिलांच्या शेतातली हळकुंडं पोत्याने थोरातांकडे पाठवली होती, आणि निरोप दिला होता, की हीच दळा, नुसती लावा, मला ही मानवते.

निरोप पोचला, हळकुंडंही दळली गेली. पण वाटी निघायच्या आधी शालन आत्याच्या मनात एक विचार आला. सुनेला जपानचं मानवतं ना? मग आठवडी बाजारात गोरेपणाची एक ट्यूब मिळते, तिच्यावर जपानी अक्षरं आहेत. तिने ती अख्खी ट्यूब उष्ट्या हळदीत पिळली, आणि बोटाने कालवली! कुणाला विचारलं? कुणालाही नाही. ज्या पोरीच्या तोंडाला लावायची, तिला तर नाहीच नाही. सून दिसावी छान, लोकांनी नाव काढावं, म्हणून केलं. मायेने केलं!

भर दुपारी अंगणात चौरंग मांडला. पोरगी बसली. भोवती पंधरा-वीस बाया. शालन आत्याने वाटी पुढे केली आणि रोहिणीच्या नाकाला वास आला. हळदीला असा वास नसतो, हे हळदीच्या रानात वाढलेल्या पोरीला कळणार नाही? ती म्हणाली, थांबा, यात काहीतरी आहे. बाया हसल्या. कुणी म्हणालं, नवरीचे नखरे. कुणी म्हणालं, उष्ट्या हळदीला नको म्हटलं तर अपशकुन होतो. रोहिणीने दोन्ही हात तोंडापुढे धरले आणि आईकडे पाहिलं.

आणि मंडळी, आईने काय केलं? सिंधूताई पुढे आल्या. पोरीचे दोन्ही हात धरले, हळूच खाली घेतले, आणि तिच्या मांडीवर दाबून ठेवले. कानाशी म्हणाल्या, "एवढं सोस गं. एका दिवसाचं तर आहे."

मग सगळ्यांनी मिळून चोळलं. गाल, कपाळ, मान. चोळू नका म्हणणारा जपानात राहिला!

संध्याकाळ व्हायच्या आत पोरीचे डोळे सुजेने मिटले. गालांवर पाणी भरलेले फोड. डॉक्टर घरी आले, हळदीत काय कालवलं ते त्यांनी शालन आत्याला विचारलं, ट्यूब मागवून घेतली आणि उलटीपालटी करून पाहिली. कुठे बनली, त्यात काय आहे, यातलं काहीही तिच्यावर लिहिलेलं नव्हतं. त्यांनी औषध दिलं आणि तोंडाला दुसरं काहीही लावू नका म्हणून बजावलं. तोवर थोरातांकडून तोडगा आला. उद्या लग्न आहे, पार्लरवालीला सांगू, वरून जाड थर दिला की काही दिसणार नाही.

ऐकलंत? जखम केली, आणि आता म्हणतात झाकू!

रोहिणी उठून बसली. डोळे उघडत नव्हते, पण आवाज शांत होता. म्हणाली, "शालन आत्यांनी विचारलं नाही. त्या मला अजून ओळखत नाहीत, ते मी समजू शकते. पण आई, तू हात धरलेस."

सिंधूताई भिंतीला टेकून खाली बसल्या.

मग पोरीने वही मागितली. चाचपडत शेवटचं पान काढलं, आणि लग्नासाठी आलेल्या केतकीला लिहायला लावलं. थोरातांचं घर. कानामागे. तीन दिवस. म्हणाली, "बाटलीला तीन दिवस देते मी. घराला नको द्यायला? उद्या लग्न नाही."

अहो, केवढा गहजब! मांडव पडलेला, आचारी बसलेले, पाव्हणे वाटेवर. भाऊबंद भगवानरावांभोवती जमले आणि पोरीला समजावा म्हणून मागे लागले. भगवानराव कमी बोलणारा माणूस. ते उठले, आचाऱ्याकडे गेले, आणि उद्याचा स्वयंपाक ठरल्याप्रमाणे करायला सांगितलं. गाव जेवेल, लग्न नंतर बघू, एवढंच म्हणाले. बाप असावा तर असा! वाजवा रे एकदा टाळ त्या माणसासाठी!

पहिल्या दिवशी विश्वजितचा फोन आला. लोक काय म्हणतील, आत्याने मायेनेच केलं, असं तो पुन्हा पुन्हा बोलत राहिला. तोंड कसं आहे, हे त्याने विचारलं नाही. रोहिणीने वहीत लिहायला लावलं — जळजळ. दुसऱ्या दिवशी फोनच नाही. वहीत — कळत नाही. तो दिवस पोरीला फार जड गेला. मुलगा आवडला होता ना! नाही म्हणणं सोपं नसतं मंडळी, आवडत्या माणसाला तर नाहीच.

तिसऱ्या दिवशी दुपारी दारात विश्वजित उभा. बरोबर शालन आत्या. त्याने आधी सदऱ्याची बाही वर केली. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा लाल, सुजलेला डाग. बाजारातून तसलीच ट्यूब आणून त्याने आदल्या दिवशी स्वतःला लावली होती, आणि रात्र त्या आगीत काढली होती. तिच्यावरची अक्षरंही फोनला दाखवून पाहिली होती. ती जपानी नव्हतीच, नुसती नक्षी.

"मला एवढुशा जागेला झोप नाही," तो म्हणाला. "तुझं तर अख्खं तोंड आहे. पहिल्या दिवशी मी ते विचारायला हवं होतं."

शालन आत्या खाली मान घालून बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, की मला वाटलं जपानचं आहे. मग त्यांनी विचारलं, "पोरी, आता काय लावू?"

"आता काही लावू नका आत्या," रोहिणी म्हणाली. "नुसत्या बसा जवळ."

त्या बसल्या. आणि वहीत तिसरी नोंद झाली — लाल नाही.

पुढचा मुहूर्त महिन्याने निघाला. तोवर सूज उतरली, कातडी निवली. आता लग्न झालं आणि संपलं, असं म्हणाल तुम्ही. नाही. माझं आख्यान लग्नाचं नाहीच.

हळदीला तीन दिवस उरले होते. सकाळी रोहिणी ओसरीवर बसली होती. सिंधूताई आतून आल्या. हातात वाटी, वाटीत घरच्या हळदीची चिमूट, पाण्यात कालवलेली. त्या पोरीसमोर बसल्या. तिचे केस हळूच बाजूला केले आणि हळदीचं बोट कानाजवळ नेऊन तिथेच थांबवलं.

रोहिणी म्हणाली, "आई, ही मानवते मला. वहीत आहे की."

"असू दे," सिंधूताई म्हणाल्या. "त्या दिवशी मी विचारलं नव्हतं. आज विचारते. लावू?"

पोरीने मान डोलावली. आईने हळद लावली. चोळली नाही, नुसती टेकवली. आणि पुढचे तीन दिवस ती माउली दर घटकेला येऊन, केस बाजूला करून कानामागे बघत होती.

डोळे काय पुसताय? मला तुमच्या डोळ्यांतलं पाणी नको, मला उत्तर हवंय! तुमच्या घरात कोण म्हणतंय, की हे मला मानवत नाही? सून म्हणत असेल, जागरण मानवत नाही. मुलगा म्हणत असेल, हा अभ्यास मानवत नाही. कोपऱ्यातली म्हातारी म्हणत असेल, एवढं तिखट आता मानवत नाही. आणि तुम्ही काय करताय? हात धरून मांडीवर दाबताय! वर म्हणताय, मायेने करतो. माया असेल ना, तर बोट लावण्याआधी थांबेल. थांबत नसेल, तर तिला माया म्हणू नका, या गादीसमोर तरी म्हणू नका.

चला, उचला टाळ. पण थांबा! जोरात वाजवण्याआधी शेजारी बसलेल्याकडे वळा आणि विचारा, बाबा, कानाला त्रास नाही ना होत?

विचारलंत? खरंच विचारलंत?

मग आता वाजवा.