गोरी मू

चियांगमाईच्या बाजाराकडे निघालेल्या लाल टेम्पोत दोघं परदेशी चढले आणि इंग्रजीत बोलत समोरच्या बाकावर बसले. सायपिनबाईंनी भाजीची पिशवी मांडीवर घेतली. शाळेत इंग्रजी शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता, पण ते काही कपाळावर लिहिलेलं नव्हतं.

"लिस्बेट, तुझ्या पोरीला वर्गात मू म्हणतात. मू म्हणजे डुक्कर! माहीत आहे ना?"

"माहीत आहे की. वर्गात तीन मू आहेत. आमची ती गोरी मू."

"आणि तू हसतेस? उद्याच्या उद्या दुसऱ्या शाळेत घाल तिला."

"मुळीच नाही."

"अगं, बाईंपुढे गुडघे टेकायला लावतात, केस कापायला लावतात, आणि वर हे नाव!"

"गुडघे टेकणं मलाही खटकतं. तसं मी बाईंना तोंडावर सांगितलंय. पण नाव राहणार."

"का पण?"

"डेन्मार्कच्या शाळेत वर्षभर तिला कुणी हाकसुद्धा मारली नाही, फर्गस. इथे पहिल्याच दिवशी बाईंनी तिचे गाल ओढले आणि नाव ठेवलं. नावं ठेवतोयस तो तू!"

"लाडाचं असलं तरी डुक्कर ते डुक्करच! कुठल्या शहाण्या माणसाला चालेल असलं नाव?"

टेम्पो बाजारापाशी थांबला. खालून एका म्हातारीनं हाक दिली, "ए मू! उतरतेस की झोप लागली?"

सायपिनबाई पिशवी सावरत उठल्या आणि फर्गसला स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, "पाय घ्या जरा, साहेब. मूला उतरायचंय."