अस्तराची बाजू

हॅलो?… हो, मीच… अगं मीच बोलतेय, झोपेतून उठले म्हणून आवाज असा येतोय… नाही, बरी आहे. शनिवारची सकाळची शाळा असते ना, येऊन जेवले नि जरा पडले होते… राहू दे आता, मोडली ती मोडली. बोल.

कोण वेगळं होतंय?

… मी?… कोणी सांगितलं तुला? आत्याने?… अगं बबडे, रडतेस काय? आधी नाक पूस. मी कुठेही चाललेले नाही. घरातच आहे. पडदा लावलाय फक्त.

पडदा. प-ड-दा… खिडकीला नाही गं. बेडरूममध्ये, आडवा. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. अलीकडे तुझे बाबा, पलीकडे मी.

… हॅलो? आहेस ना?

नाही, भांडण नाही झालं… नाही, दुसरं काहीही नाही. आत्याला काय, ध चा मा करायला वेळ लागत नाही. बाबांनी तिला फोन केला तो गेल्या रविवारी सकाळी. तिने आज तुला केला. म्हणजे सहा दिवसांची शिळी बातमी घेऊन रडतेयस तू… हो, हो… अगं ऐक ना. ऐकून घेशील का? मग काय ते बोल.

बाबा रिटायर होऊन सहा महिने झाले. सहा महिने हा माणूस घरात आहे. मी स्वयंपाकघरात गेले की तिथे, बाल्कनीत गेले की तिथे. दुपारी पडले की शेजारी बसून मोबाइलवर व्हिडिओ. आवाज बंद करतात, तेवढं खरं. पण स्वतःशी हसतात ना! पलंग हलतो. "बघ, बघ हे," म्हणून मला हलवतात… हो, प्रेमानेच. मी कुठे नाही म्हणतेय? प्रेमाने हलवलं तरी जाग येतेच की.

आणि मला अजून दोन वर्षं नोकरी आहे. बालवाडीतली तीस पोरं, तिसांच्या नाकांना तीस रुमाल. घरी येईपर्यंत माझ्या डोक्याचा भुगा होतो गं.

हॉलमध्ये का झोपू? आजी होती तेव्हा चार वर्षं हॉलमध्येच झोपले ना, तिच्या खाटेशेजारी गादी टाकून. ती खोकली की उठायचं, नाही खोकली तरी उठायचं, का खोकली नाही म्हणून. त्याआधी तू. तू सात वर्षांची होईपर्यंत माझ्या पोटावर पाय टाकून झोपायचीस. त्याआधी माहेरी आम्ही चार बहिणी एका सतरंजीवर. मी एकदा बोटांवर मोजून हिशेब केला… एकटी अशी मी आयुष्यात अकरा रात्री झोपलेय. त्यातल्या पाच दवाखान्यात, तू झालीस तेव्हा… हो, तिथेही तू होतीस म्हणा. म्हणजे सहाच.

नाही, हसू नकोस… हसतेस की रडतेस? बरं.

तर मी बाबांना सांगितलं. सरळ सांगितलं, मला माझी अशी एक जागा पाहिजे, खोली काही नवीन बांधता येत नाही, तर पडदा लावते. त्यांनी पान उलटलं पेपरचं. तिथून जे तोंडाला कुलूप लावलं ते चार दिवस. चहा समोर ठेवला की पितात, कप धुऊन ठेवतात.

दुकानात मी एकटीच गेले. दुकानदार म्हणाला, खिडकीचं माप द्या. म्हटलं खिडकी नाही, खोली आहे, साडेदहा फूट. तो म्हणतो, "पार्टिशन? घरात कोणी आजारी आहे का, बाई?" मी म्हटलं, "हो. मीच." मग त्याने नीट दाखवलं सगळं. एवढ्या लांबीचा एकच रॉड पोटात वाकतो म्हणे, मधे छतातून आधार द्यावा लागतो. आणि आधार आला की रिंगा त्याच्या पलीकडे जात नाहीत, म्हणून पडदे दोन, मधोमध उघडणारे. स्टीलच्या रिंगा स्वस्त, पण ओढलं की खर्रकन वाजतात. मी लाकडी घेतल्या. आवाजासाठीच तर चाललं होतं सगळं!

कापड ना? निळसर, त्यावर पांढरी फुलं, बारीक. मागे अस्तर. तासभर बघत होते गं… नाही, महाग नाही. मला वाटलं, सकाळी डोळे उघडले की हे दिसेल. एवढंच वाटलं. त्याच्यापुढे माझं डोकंच गेलं नाही, हे आता लक्षात ठेव, पुढे येणारच आहे.

रविवारी दुपारी फिटिंगवाला आला. पलंग आपला दोन सिंगलचा जोडलेला, तो सोडवला. चौतीस वर्षांनी! मधल्या फटीत काय काय निघालं… एक चमचा निघाला. चमचा तिथे कसा गेला, देवाला ठाऊक. बाबा खुर्चीत, पेपर डोळ्यांसमोर. पण पेपर उलटा धरलाय की काय असं वाटावं इतकी नजर छताकडे.

पंखा मधोमध आहे ना, पडदा मधे घेतला तर पात्यात जाणार. म्हणून पंखा बाबांकडे, खिडकी बाबांकडे, दारही बाबांकडे. मला उरली भिंतीकडची बाजू आणि टेबलफॅन. अर्धी खोलीसुद्धा नाही म्हणजे. तिसरा हिस्सा… चालतं गं. मला पुरतो.

आणि त्या मेल्या फिटिंगवाल्याने काय करावं? दोन्ही भिंतींना रॉड टेकवला, मधला आधार ठोकायच्या आधी त्याला फोन आला, "येतो तासाभरात," म्हणून गेला तो गेलाच. रॉड पोटात वाकलेला. मी तशाच रिंगा ओवल्या, पडदे टांगले. सगळं मधे गोळा व्हायला लागलं. ओढते तर परत घसरतं. ओढते तर परत घसरतं. शेवटी मी खाली फरशीवर बसले आणि… नाही, रडले नाही. दमले होते. रडायलाही जोर लागतो.

तेव्हा बाबा उठले… हो ना! जन्मभर लिफ्टचे रूळ ओळंब्यात लावले त्या माणसाने, वाकडा रॉड किती वेळ बघवणार? स्टूल आणलं. ड्रिल काढलं. मी म्हटलं, गुडघा तुमचा… काही नाही. चढले. छतात भोक पाडलं, आधार दिला, पट्टी लावून बघितली, परत उतरवलं, परत लावलं. शेवटची रिंग भिंतीला आवळून टाकली, म्हणजे कडेला फट पडत नाही. दोन तास, बबडे. मी स्टूल धरून उभी.

मग पडदे ओढून घेतले. मी माझ्या बाजूला, ते त्यांच्या. आणि चार दिवसांनी पहिल्यांदा आवाज आला.

म्हणाले, "फुलं तुझ्याकडे, आणि अस्तर माझ्याकडे होय."

… हो ना.

मी बाहेर येऊन बघितलं. कळकट पांढरं अस्तर, शिवणीचे दोरे लोंबतायत, शिंप्याच्या खडूची खूण तशीच. त्यांच्या पलंगावर बसून हेच दिसणार होतं रोज. माझ्या लक्षातच आलं नव्हतं गं. मी मुद्दाम केलं असतं तर त्यांना भांडता तरी आलं असतं.

म्हणाले, "मी काय केलं?"

काय सांगू? म्हटलं, तुम्ही काही केलं नाही. मला तुमचा कंटाळा नाही आलाय. मला माणसांचाच थकवा आलाय. कोणाचा श्वाससुद्धा ऐकायचा नाही असे दोन तास हवेत मला… हो, अश्शीच बोलले, शब्दन् शब्द. मग विचारलं त्यांनी, "किती दिवस?" खोटं बोलता आलं असतं. म्हटलं, माहीत नाही.

… मग ना, खडूची खूण हाताने झटकत बसले, ती काही जात नव्हती.

सोमवारी शाळेतून आले तर टेबलावर कापडाची पिशवी. स्वतः जाऊन आणलेलं. स्वतः माप घेऊन. तपकिरी चौकटी!… हो, तपकिरी. अगं इतकं भयाण कापड मी जन्मात बघितलं नाही. टेबलक्लॉथसारखं. मी विचारलं, हेच? "मला आवडलं," म्हणाले. मग काय! चार दिवस संध्याकाळी बसून अस्तर उसवलं आणि त्या जागी हे कापड शिवलं. काल टांगलं. त्यांच्याकडे चौकटी, माझ्याकडे फुलं. जड झालाय आता पडदा, पण रॉड जागचा हलत नाही, ते मानलं पाहिजे.

बोलतात ना. तिकडून बोलतात. सकाळी हवामान सांगितलं मला.

… रुसलेत का? असतील थोडे. आत्ताच विचारू नकोस त्यांना, आणि जावईबापूंना घेऊन समजूत घालायला तर मुळीच येऊ नकोस. ये, पण जेवायला ये. पुढच्या… एक मिनिट हं. थांब.

काय हो?… हो, तिचाच फोन आहे… काय म्हणालात?

… अगं, पडद्यापलीकडून विचारतायत, "आत येऊ का?"

कशाला हो?… सहज?

… बबडे, चौतीस वर्षांत या माणसाने मला हे कधी विचारलं नव्हतं… थांब, तू बोलू नकोस मधे.

अहो… आत्ता नको. आत्ता जरा पडते मी. पाचला उठले की चहा टाकते, मग बसू.

…

"बरं" म्हणाले.

हो, तेवढंच. बरं. पावलांचा आवाज येतोय… बाहेर गेले. दारही हळू लावलं.

नाही, नाही, रडत नाहीये मी. तू ठेव बघू आता फोन. मला झोपायचंय.