गच्चीवरचा डेक

मी गच्चीवर का बसत नाही, म्हणता? ऐका. दुष्काळात कुंड्यांतली झाडं गेली, तेव्हा तिथं बसायला प्लास्टिकच्या फळ्यांचा डेक करायचाच, असं मी ठरवलं. विक्रेता भर दुपारी नमुना घेऊन आला.

"काका, ही फळी उन्हात तापतच नाय."

बायकोनं फळी गच्चीवर उन्हात ठेवली. त्याला चहा पाजला आणि वर नेऊन म्हणाली, "भाऊ, आता मोजे काढून हिच्यावर उभे राहा."

तो उभा राहिला आणि उड्या मारतच सावलीत आला. "लई तापली, ताई! दुसरा माल दाखवतो."

"नको. हीच द्या."

"अगं, मी बसू कसा?"

"तुम्हाला कोण बसवतंय? कुरडया वाळवायच्यात."